निखाऱ्याला दहापैकी चार

१४ नोव्हेंबर २००७, बुधवार

द्राक्षांवरच्या औषधांचा दुकानदार दर वर्षी आम्हा मुकादमांना फुकट डायरी देतो आणि मी ती दर वर्षी पिठाच्या डब्याखाली सारते. या वर्षीचीही दहा महिने तिथंच होती. आज काढली, कारण डोकं तापलंय आणि घरात ऐकून घ्यायला कुणी नाही.

आमच्या प्रतिभाच्या गेमला मुंबईच्या एका मासिकानं दहापैकी चार गुण दिले.

प्रतिभा माझी एकुलती एक. कॉम्प्युटरचं कॉलेज केलं आणि सरळ नोकरी धरायची सोडून दोन वर्षं घरात बसून गेम बनवला. तिच्या वर्गातला जीवन चित्रं काढतो, बाकी सगळं ही. गेमचं नाव ‘निखारा’.

आधी मला वाटलं चार म्हणजे पास. मला चौथीत शंभरात अडतीस पडले होते, तर आबांनी गल्लीत गूळ वाटला होता. मी म्हटलं, “रडतेस कशाला? पस्तिसाला पास असतं.” तर म्हणते, “आई, चार म्हणजे कुणी घेऊ नका असं.”

पुण्याचे कुणी धनराजसाहेब या गेमच्या सीड्या काढून गावोगावच्या दुकानांत ठेवणार होते. त्यांनी ते मासिक वाचलं आणि फोन केला. जानेवारीत नाशिकला येतो, तोवर मासिकवाल्यानं काढलेल्या चुका सुधारा, नाहीतर जमणार नाही. नाही जमलं तर प्रतिभा पुण्याला जाणार, फोनवर परदेशी लोकांच्या तक्रारी ऐकायच्या नोकरीला. तसा कागद येऊन पडलाय. एक फेब्रुवारीला हजर व्हायचं.

दोन वर्षं पोरीनं मान मोडून काम केलं आणि हा कोण, पंख्याखाली बसून चार आकडा लिहितो.

१५ नोव्हेंबर

ते पान प्रतिभाकडून मराठीत वाचून घेतलं. दोनदा घेतलं.

गेम असा आहे. गडावरच्या देवीचा दिवा विझलाय. खालच्या गावातली एक पोरगी खापरात निखारा घेऊन तो पेटवायला निघते. वाटेत लांडगे, वेताळ, चकवा. मारामारी करत चढायचं. मारेल तसं तिच्या अंगात बळ येतं, चांगली हत्यारं मिळतात. मेली की निखारा विझला, बळ गेलं, परत खालच्या गावातून सुरुवात.

मासिकवाल्याच्या तक्रारी तीन. एक, वाटेत दम खायला कुठंच जागा नाही, मेलं की चाळीस मिनिटांची मेहनत पाण्यात. दोन, लांडगा दोन चाव्यांत मारतो. मग लांडग्यानं काय विचारून चावायचं? तीन, शेवटच्या वेशीवर एक म्हातारी उभी आहे. ती का मारते कळत नाही, काय केलं की सोडते तेही कळत नाही. इतकं दुष्ट आणि बिनकामाचं पात्र मी पाहिलं नाही, हिला काढली तर गेम सहन तरी होईल, असं लिहिलंय.

मी विचारलं, “याचं वय काय?” प्रतिभा म्हणाली, असेल पंचविशीचा. मी म्हटलं, मग बरोबर, जन्मात कुणी कान धरला नसेल.

१८ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी होती, वीज दुपारपर्यंत होती. मी स्वतः गेम खेळायला बसले. ज्याला चार गुण दिले ते आहे तरी काय ते बघायला नको?

प्रतिभानं बटणं दाखवली. बाणाच्या बटणांनी चालायचं, लांब बटणानं कोयता मारायचा. अर्धा तास माझी पोरगी गोठ्याच्या भिंतीला डोकं घासत होती. मग एकदाची वाटेला लागली. पहिल्याच लांडग्यानं खाल्ली. परत निघाले. परत खाल्ली.

तिसऱ्यांदा पहिल्या वाडीच्या वेशीपर्यंत पोचले. तिथं बाभळीखाली शेंदूर फासलेला दगड. म्हसोबा. मागं लांडगा होता तरी मी थांबले. आपण थांबतोच. आत ओरडून विचारलं, “वाकायचं बटण कुठलं गं?” ती म्हणाली, खाली पडलेली वस्तू उचलायचं तेच. दाबलं. पोरगी वाकली आणि खापरातला निखारा एकदम लालबुंद झाला. लांडग्यानं पुढं जाऊन खाल्लंच, पण या वेळी मी खालच्या गावात गेले नाही. म्हसोबापाशीच उठून बसले, बळासकट.

म्हणजे दम खायला जागा आहे की. मग तो गाढव काय लिहून बसलाय?

१९ नोव्हेंबर

प्रतिभाला हेच विचारलं. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग जीवनला फोन लावला. “अरे, त्याला माहीतच नव्हतं. आपण कुठं लिहिलंच नाही.” तिकडून जीवन म्हणाला म्हणे, लिहायचं काय त्यात, वेशीवर कोण थांबत नाही?

दोघंही इथलीच, मखमलाबादची. वेस ओलांडताना हात न जोडणारा माणूस त्यांनी पाहिलेला नाही. गेम आधी खेळून बघायला दिला तोही इथल्याच पोरापोरींना. सगळे वाकले. कुणाची काही तक्रार नाही. आणि तो मुंबईचा शहाणा सहा वेशी न वाकता ओलांडून गेला, सहा वेळा मेला आणि वर म्हणतो जागा नाही.

आता प्रतिभा वेशीवर एक गुराखी बसवणार आहे. तो म्हणणार, “पाया पडून जा गं.” मी म्हटलं, म्हणजे त्याला संस्कारही आपणच शिकवायचे? ती म्हणाली, “आई, चूक आमची आहे. आम्हाला ठाऊक म्हणजे जगाला ठाऊक, असं धरून चाललो.” चूक त्यांची आहे हे मलाही पटलं, पण तिचं तोंड आधीच उतरलेलं, म्हणून ते इथंच लिहिते.

२६ नोव्हेंबर

सकाळी सातला मळ्यात. द्राक्षाचे मणी बाजरीएवढे झालेत, विरळणी सुरू. घडात दाटी झाली की कात्रीनं मधले मणी काढायचे, म्हणजे राहिलेले फुगतात. मळेवाले याला थिनिंग म्हणतात. म्हणोत. काम बायकाच करतात.

ललिता म्हणून नवी पोर आलीय. पहिल्याच घडाचा शेंडा उडवला. मी म्हटलं, परत. दुसऱ्यात देठाला जखम केली. परत. तिसऱ्याला रडायला लागली. रडून मणी फुगत नाहीत, म्हटलं तिला. नवसाबाई माझ्या टोळीत सगळ्यांत जुनी, तिला राहवलं नाही. म्हणते, “मुकादमीण, तुमच्या हाताखाली शिकली ती कुठं बी जगंल. पण आधी हितं जगली पायजे ना!” सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी म्हटलं, “हात चालव, तोंड नको.”

घरी येऊन तासभर खेळले. वेताळानं दरीत ढकललं.

३ डिसेंबर

लांडग्याचं कळलं. झेप घ्यायच्या आधी तो मान खाली घालतो. डोळा लवायच्या आत, पण घालतो. तेव्हा बाजूला सरलं की तो तोंडावर आपटतो आणि मग कोयता घालायचा. मला चाळीस वेळा खाल्ल्यावर दिसलं. मासिकवाल्याला दिसलं नाही, कारण तो बघतच नव्हता. धावत होता.

अवघड असणं वेगळं आणि अन्याय वेगळा. लांडगा सांगून मारतो. तुम्ही ऐकलं नाहीत तर तो काय करील? हे त्या पानावर लिहायला पाहिजे होतं. गुण देणाऱ्याला एवढंही कळू नये?

१२ डिसेंबर

आज म्हातारीपाशी पोचले. पंचवीस दिवस लागले, मध्ये दोन दिवस तापानं गेले.

एका गोष्टीत मासिकवाला बरोबर आहे. ही बाई खवीस आहे.

लुगड्याचा पदर करकचून खोचलेला, हातात काठी, वाटेवर उभी. कोयता तिला लागत नाही. मी पुढं धावले, तिनं काठी घातली. मेले. खाली अक्षरं आली, “घाई कसली?” दुसऱ्यांदा हळू गेले, तर काठी. “झोपलीस का?” तिसऱ्यांदा नुसती उभी राहिले. “बघतेस काय?” धावलं तरी मारते, थांबलं तरी मारते. मेल्यावर दर वेळी एकच शब्द, “परत.” बोलायची काही रीत? लेकीच्या वयाची पोर, जीव मुठीत धरून एवढी वर आलेली, हातात देवीचा निखारा. एक गोड शब्द नाही.

आमचे हे मागं चहा घेऊन उभे होते. तेवढ्यात म्हातारी म्हणाली, “हात चालव, तोंड नको.” यांना असा ठसका लागला की बशी सांडली. मी विचारलं काय झालं. म्हणाले, चहा गरम आहे. अर्ध्या तासापूर्वीचा चहा.

१८ डिसेंबर

जीवनला बसवून मासिकवाल्याला इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. मी तासभर सांगत होते. त्यानं लिहिलं पाच ओळी. मी म्हटलं, “गाढव कुठं आलं यात?” तर म्हणतो, “मावशी, भावार्थ आलाय.” भावार्थानं कुणाला लागतं का? पण पाठवलं.

म्हातारीनं आज नऊ वेळा मारलं. एकदा पाठ केली म्हणून मारलं, ते माझ्या लक्षात आलं. तिला पाठ दाखवलेली चालत नाही.

३० डिसेंबर, रविवार

आज भांडण झालं. लिहूनच टाकते.

धनराजसाहेबांचा फोन आला होता. गुराखी बसवला ते आवडलं. लांडगे आहेत तसे राहू द्या म्हणाले. पण म्हातारी काढा. दुकानात मुलं येतात, त्यांना असली कटकट नको. तेवढं केलं की लगेच कागद करू.

मला वाटलं सुटलो. एक म्हातारी काढायची, पोरीची दोन वर्षं वसूल, पुण्याची नोकरी टळली. तर ही म्हणते, नाही.

“म्हणजे काय नाही?”

“ती राहणार.”

“अगं, गुराखी बसवलास, वेशींवर दिवे लावलेस, त्या चकव्याला सुद्धा मऊ केलंस. मग या सटवीवर एवढा जीव का? तुझी कोण लागते ती?”

ती यांच्याकडं बघायला लागली. यांनी पेपर तोंडापुढं धरला, तोही उलटा.

मी सोडलं नाही. “मी रोज मरते तिच्या हातून. मला विचार. कधी कौतुक नाही, कधी ‘बस गं जरा’ नाही. अशा बाईला कोण उभं करतं दारात?”

प्रतिभा म्हणाली, “तिच्यामुळं ती पोरगी गडावर पोचते, आई. तिला काढलं तर खालून वर नुसती सहल आहे.”

“मग जा पुण्याला! बस फोन उचलत!”

तर म्हणते, “जाईन.” आणि आत जाऊन बॅग काढली. माझीच पोर आहे, ऐकणार कशी.

मी उगाच ओरडले का? तिच्या भल्याचंच सांगत होते. पण ‘जा’ म्हणायला नको होतं. तिला तसं सांगायला गेले, तर तोंडातून आलं, “ती बॅग नीट भर, कपडे चुरगळतात.”

१९ जानेवारी २००८, शनिवार

जुनी डायरी संपली, नवी दुकानदारानं अजून दिली नाही, म्हणून हजेरीच्या वहीत मागून लिहितेय.

धनराजसाहेब आले. गोरा, चष्मा, पन्नाशीचा, बोलायला बरा माणूस. प्रतिभानं सांगितलं, म्हातारी काढलेली नाही. ते म्हणाले, “मग मी कशाला आलो एवढ्या लांब?” मी मळ्यातून तशीच आले होते, पदर खोचलेला, कात्री कमरेला. मी म्हटलं, आलाच आहात तर खेळून बघा की. मासिकवाल्याच्या डोळ्यांनी किती दिवस बघणार?

त्यांना थेट शेवटच्या वेशीवर बसवलं. धावले, मेले. परत धावले, मेले. माऊस आपटून म्हणाले, “बघा! वेडी म्हातारी उगाच मारते.”

मला काय झालं कोण जाणे. अडतीस दिवस मार खाल्लाय तिचा. मी म्हटलं, “उगाच? उगाच कशी? पहिल्यांदा तुम्ही धावत गेलात आणि निखारा हातातून सांडला, तो बघितलात का? ती धावणाऱ्याला मारत नाही, सांडणाऱ्याला मारते. दुसऱ्यांदा कडेच्या झाडाकडं बघत पाठ केलीत तिला. समोर मोठं माणूस उभं असताना पाठ करतात का? बसा नीट. परत.”

ते बसले. मी मागं उभी. “हळू. अहो, झोपलात का? पाऊल टाका. घाई कसली? आता काठी उचलली, आता सरका. सरका! बघताय काय!”

मेले. पण या वेळी चार पावलं पुढं जाऊन. खाली अक्षरं आली, “झोपलीस का?” साहेबांनी ती अक्षरं वाचली. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं. पदराकडं, कात्रीकडं. मग परत पडद्याकडं. आणि हसायला लागले ते थांबेचनात. चष्मा काढून डोळे पुसले. प्रतिभा कानापर्यंत लाल. हे परसात निघून गेले.

मी म्हटलं, “हसायला काय झालं?”

“काही नाही, काकू. तुम्ही हिला पार केलंत का?”

“नाही. पण चूक माझी होते. तिची नाही.”

ते एकदम गंभीर झाले. माऊस बाजूला सारून प्रतिभाला म्हणाले, “राहू दे हिला. पण नुसती अक्षरं कुणी वाचत नाही, हिला आवाज पाहिजे.” आणि पुन्हा माझ्याकडं बघून हसले.

मी द्यायचा? त्या खविसाचा आवाज? मी साफ सांगितलं, असला आवाज माझा नाही. तर दोघं एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी हो म्हटलं, पोरीसाठी.

२७ जानेवारी, रविवार

पंचवटीत एक खोली आहे, तिथं भजनांच्या कॅसेटी भरतात. भिंतीला गाद्या ठोकलेल्या. काचेपलीकडं प्रतिभा कानाला डबड्या लावून, शेजारी मशीनवाला सोमा. अलीकडं मी आणि एक दांडका, त्यात बोलायचं.

“घाई कसली”, “झोपलीस का”, “परत”, सगळं एका दमात झालं. सोमा म्हणतो, “मावशी, तुम्ही नाटकात होता का?” मी म्हटलं, मशीन बघ.

मग शेवटचा कागद आला. पोरगी म्हातारीला पार करते तेव्हाचं बोलणं. मी तिथवर कधी पोचलेच नाही, त्यामुळं पहिल्यांदाच वाचलं. लिहिलं होतं, “शाबास पोरी! मला तुझा अभिमान आहे.”

माझ्या तोंडातून ते निघेना. चारदा खोकले. पाणी प्याले. मग चिडून सांगितलं, “हे चूक आहे. ही बाई असं बोलणार नाही.”

प्रतिभा काचेपलीकडून म्हणाली, “मग काय बोलेल?” आवाज जरा बारीक आला तिचा.

मी तिला समजावून सांगितलं. टोळीत नवी बाई आली की मी तिच्या वेलींच्या ओळीत मागून फिरते. घड उलटा करून बघते, चुकलं की परत करायला लावते. वर्ष, दोन वर्षं. मग एक दिवस संध्याकाळी तिला सांगते, उद्यापासून तुझ्या ओळीत मी येणार नाही. एवढंच. शाबास नाही, बिबास नाही. नवसाबाईला सांगितलं तेव्हा ती घरी जाऊन पुरणपोळ्या करून बसली होती. ज्याला काम कळतं त्याला तेवढं पुरतं.

प्रतिभानं तिच्या कागदावरची ती ओळ खोडली. मग म्हणाली, “बोल तसंच.”

मी बोलले. “जा. तुझ्या ओळीत आता मी बघायला येणार नाही.”

सोमानं अंगठा दाखवला. प्रतिभानं कानाच्या डबड्या काढल्या आणि टेबलावर डोकं टेकलं. मी बाहेर येऊन विचारलं, “बिघडलं का? परत म्हणू?” ती म्हणाली, “नको. परत नको.” डोळे सुजल्यासारखे दिसत होते. दोन महिने झोप नाही पोरीला, दुसरं काय. येताना रिक्षात माझा हात धरून बसली, एवढी मोठी घोडी. चेंगरून टाकली बोटं.

मंगळवारी सगळं पुण्याला पाठवायचंय. त्याच्या आधी गेम खालच्या गावापासून गडापर्यंत मी एकदा तपासणार होते, कुठं काही राहिलं असेल तर करून घ्यायला.

राहू दे. तिचं ती बघेल.